सिगारच्या खोलीतले एकोणीस दिवस

बेंगळुरू, ४ जून २०२५

ती. काका,

साष्टांग नमस्कार. परवा निघताना तुम्ही बजावलंत, "पोचलीस की पत्र टाक. फोन करू नकोस. मला ऐकू येत नाही आणि ऐकू आल्याचं सोंग आणायचा आता कंटाळा आलाय." म्हणून हे पत्र. व्हॉट्सअॅपवर तुम्ही नुसता अंगठा पाठवता, त्यातून काय कळणार? पोस्टाची पाकिटं घेऊन ऑफिसात शिरले तर समीक्षा हसून हसून लोळायची बाकी राहिली. बिनतारी यंत्रं विकणाऱ्या बाईनं तिकिटाला डिंक लावायचा म्हणजे अतीच झालं, म्हणाली. समीक्षा म्हणजे माझी भागीदार. कंपनीत आम्ही दोघीच, त्यामुळे हसणारी तीच आणि सही करणारीही तीच.

आता कामाचं. किशोरशेटच्या कुंभिवलीच्या गोदामात त्या सिगारच्या खोलीत आम्ही बॅटरीवर चालणारे चार सेन्सर लावलेत. दोन वर छताजवळ, दोन खालच्या फळीच्या मागे. दर दहा मिनिटांनी ते हवेतला दमटपणा मोजतात आणि आकडा इथे माझ्या पडद्यावर आणि तिकडे शेटच्या फोनवर येतो. अडुसष्ट टक्क्यांच्या आसपास हवं, फार वर गेलं की बुरशी, फार खाली गेलं की सिगारचं वरचं पान तडकतं. हे मी तुम्हाला सांगतेय म्हणजे कमालच. सहा वर्षं तुम्ही भिंतीवरच्या दमटपणाच्या एका काट्यावर ती खोली सांभाळलीत. कर्जतच्या रिसॉर्टांमधल्या लग्नांत नवऱ्यामुलाचे मित्र ऐटीत धूर सोडतात त्यामागे तुमचे कष्ट आहेत हे त्यांना कुठे माहीत?

शेटनं तीस सप्टेंबरपर्यंत मुदत दिलीय. पावसाळाभर यंत्रं नीट चालली तर त्याची आणि त्याच्या भावांची मिळून अकरा गोदामं आम्हाला मिळतील. नाही चालली तर ऑक्टोबरात समीक्षा आणि मी नोकऱ्या शोधायला लागू. दुसरं गिऱ्हाईक नाही, काका. खोटं कशाला सांगू? हे एकच आहे आणि तेही तुम्ही शब्द टाकलात म्हणून.

एकच विनंती. सेन्सरना हात लावू नका आणि कुणाला लावू देऊ नका. बाकी तुमचं काम नेहमीसारखं चालू द्या.

तुमची,
अंतरा

दहिवली, १३ जून २०२५

चि. अंतरा,

आशीर्वाद, आणि त्यावर एक टपली. "हात लावू नका" हे मला सांगतेस? वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये मी चौतीस वर्षं काढली. ज्याला हात लावायचा नाही त्याला हात न लावण्याचाच मला पगार मिळायचा. दर तासाला काटे बघायचे, आकडे लिहायचे, सही करायची. आता दिवसातून दोनदाच लिहितो, सकाळी आठ दहाला आणि संध्याकाळी पाच चाळीसला. तेव्हा मी जवळपास निवृत्तच आहे म्हण.

माझं बरं चाललंय. साडेसातला नाक्यावर गजाचा टेंपो येतो, त्यात पुढे बसून कुंभिवली. शुक्रवारी गोदाम बंद, त्यामुळे शुक्रवार मला जरा जड जातो. तुझी उमाकाकू होती तेव्हा तंबाखूचा वास तिला खपायचा नाही. आज ती असती तर अजूनही रोज अंगणात उभं करून माझ्यावर बादली ओतत असती. मी सुपारीचं खांडही तोंडात टाकत नाही हे तिला कुणी पटवून द्यायचं?

उन्हाळ्यात मी खोलीत पाण्याचे ट्रे ठेवतो, पावसाळ्यात ते उचलतो आणि दमट हवा ओढणारी दोन जुनी यंत्रं लावतो. त्यांच्या बादल्या भरतात, त्या ओतायच्या. झाडलोट सोनुबाई करते. ती इथली कुंभिवलीचीच. पन्नाशीची बाई स्टुलावर अशी चढते की माझे गुडघे नुसतं बघून दुखतात. तुझी यंत्रं तिला फार आवडलीत. "पोरीनं चांदीच्या डब्या आणल्यान काय वो?" म्हणून विचारत होती. मी सांगितलं, चांदी नाही पण त्याहून महाग आहेत.

काल शेट आला होता. म्हणाला, "हरीभाऊ, पोरीचं यंत्र पास झालं की ऑक्टोबरपासून तुम्ही आराम करा. बहात्तर वर्षांच्या माणसाला किती राबवायचं?" मी बरं म्हटलं. तेव्हा बघ, पुतणीनं काकाला सुट्टी मिळवून दिली. यंत्र पास होणार, तू घोर लावून घेऊ नकोस.

तुझा,
हरीकाका

बेंगळुरू, २८ जून २०२५

ती. काका,

आज इतकी खूश आहे की पत्र लिहिताना पेन थांबत नाहीये. सोळा जूनपासून पडद्यावर तुमच्या खोलीच्या दमटपणाची रेष अशी सरळ चाललीय की समीक्षानं दोनदा यंत्रणा तपासली. अडुसष्ट. सकाळी अडुसष्ट, दुपारी अडुसष्ट, रात्री अडुसष्ट! तिकडे खंडाळ्याच्या बाजूला धो धो कोसळतोय असं बातम्यांत दाखवतात आणि आमची रेष हलायला तयार नाही. पहिले दोन आठवडे जरा वरखाली होत होती, तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता.

शेट रोज सकाळी अहवाल बघतो आणि मला नमस्काराचे हात पाठवतो. आम्ही आता माहितीपत्रक छापायला घेतलंय, त्यात तुमच्या खोलीची रेष पहिल्याच पानावर टाकणार आहोत. इतकी चांगली खोली राखलीत, त्याचं श्रेय अर्धं तुमचं.

आणि सुट्टीचं म्हणाल तर खरंच घ्या, काका. पुष्कळ केलंत. दहिवलीच्या घरात बसून वाचन करा, दुपारी झोपा. मला बरं वाटेल.

तुमच्या काट्यावर काय आकडा येतो ते सहज कळवा. पत्रकात दोन्ही शेजारी छापू.

अंतरा

दहिवली, १७ जुलै २०२५

चि. अंतरा,

तुझं पत्र चार तारखेला मिळालं. उत्तराला उशीर झाला. पाऊस फार आहे. उल्हास नदी दोनदा भरून आली. गजाचा टेंपो एक दिवस चौक गावाजवळ अडकला, मग चालत गेलो.

माझी दाढ दुखतेय. कर्जतला दाखवली, काढायची म्हणतात. शेजारचे परांजपे मुलाकडे नाशिकला गेले. त्यांच्या कुंडीतली जास्वंद मला सांभाळायला दिलीय. ती काही फारशी बरी दिसत नाही.

तू जेवणखाण नीट करत जा. पत्रक छापण्याची घाई करू नकोस, सप्टेंबर होऊ दे.

हरीकाका

बेंगळुरू, ७ ऑगस्ट २०२५

ती. काका,

मागचं पत्र वाचून समीक्षाला म्हटलं, हे माझ्या काकांनी लिहिलेलं नाही. दाढ, जास्वंद आणि परांजपे! खोलीबद्दल एक शब्द नाही, टपली नाही, काट्याचा आकडा तर नाहीच.

आता एक गंमत. गंमत म्हणते, पण दोन दिवस मला झोप नाही. सत्तावीस जुलैपासून आमच्या सरळ रेषेवर रोज दोन बारीक उंचवटे यायला लागलेत. एक सकाळी आठ दहाच्या सुमारास, दुसरा संध्याकाळी पाच चाळीसला. मला लगेच कळलं. तुम्ही दार उघडून आत जाता, बाहेरची ओली हवा शिरते, रेष जराशी उचलते आणि परत खाली बसते. शुक्रवारी उंचवटा नाही. मी बेंगळुरूत चहा घेत बसलेली असते आणि पडद्यावर दिसतं की काका कामावर आले. किती बरं वाटतं सांगू!

पण मग मागची रेष काढून बघितली. सोळा जून ते सव्वीस जुलै, एकही उंचवटा नाही. म्हणजे चाळीस दिवस दार उघडलंच नाही? काका, तुम्ही आजारी होतात का? घरी पडून होतात आणि मला दाढेचं सांगत होतात का? बाबाही असंच करायचे. शेवटपर्यंत "काही नाही गं, पित्त आहे" म्हणत राहिले. मला आता असं लपवलेलं सोसत नाही. खरं ते लिहा. शेटला मी काही विचारलेलं नाही.

अंतरा

दहिवली, १४ ऑगस्ट २०२५

चि. अंतरा,

मी आजारी नव्हतो. एक दिवसही रजा घेतलेली नाही. तुझ्या बाबाची आठवण काढलीस म्हणून सांगतो, नाहीतर सांगणार नव्हतो.

पंचवीस जुलैला शुक्रवार होता. गोदाम बंद. कुंभिवलीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत वीज नव्हती, आणि ती परत आली तरी ओल ओढणारी आमची जुनी यंत्रं आपोआप सुरू होत नाहीत. शनिवारी आत पाऊल टाकलं तर कोंदट वास आला. काटा ब्याऐंशीवर. आणि शेटच्या फोनवर मात्र अडुसष्ट! सोनुबाईला स्टुलावर चढवून तुझी यंत्रं बघायला लावली. चारही यंत्रं प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेली, वरून रबर लावलेलं. इतकं नीटनेटकं काम की खालून बघणाऱ्याला वाटावं, ते असंच असतं.

तिनंच बांधली होती, पाऊस सुरू झाला तेव्हा. मला म्हणाली, "आवं बाबा, एवढं महागाचं सामान पोरीनं उघडंच ठेवलंय. सर्दून बिघडलं म्हंजी? आमी टीवीच्या रिमोटला नाय का पिशवी बांधत? हर्षलाचे शाळेचे कागूद पन पिशवीतच हायेत." हर्षला तिची नात. आता या बाईवर रागवायचं कसं? तुझ्या वस्तूला तिनं घरातल्या वस्तूसारखं जपलं. तुझं यंत्र चाळीस दिवस पिशवीतली हवा मोजत बसलं होतं.

दिवसभर दोन्ही जुनी यंत्रं चालवून मी खोली सत्तरवर आणली आणि मगच संध्याकाळी पिशव्या काढल्या. शेटच्या फोनवर रेष एकदम उडाली असती तर तुझी मुदत तिथेच संपली असती. पुढच्या आठवड्यात खालच्या फळीवरच्या अठरा पेट्यांना पांढरी बुरशी दिसली. त्या मी बाजूला काढल्यात आणि शेटला "ओल लागली" एवढंच सांगितलंय.

आता यंत्र चोख चालतंय. माझा काटा आणि शेट सांगतो तो तुझा आकडा, दोन्हींत एका टक्क्याचाही फरक पडत नाही. तेव्हा झालं गेलं सोडून दे. शेटला बोललीस तर तुझंही नुकसान आणि त्या बाईचंही. तिच्या घरात तिचाच एक पगार आहे. पत्रक तेवढं दुसऱ्या रेषेचं छाप.

हरीकाका

बेंगळुरू, २४ ऑगस्ट २०२५

ती. काका,

तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग रडले आणि मग समीक्षाशी भांडले. ती तुमच्याच बाजूची होती. गप्प बसू, सप्टेंबर काढू, म्हणत होती. मला जमलं नाही. मी शेटला रोज सकाळी एक आकडा पाठवते आणि तो बिचारा त्यावर विश्वास ठेवून दुपारी जेवतो. त्यातले चाळीस दिवसांचे आकडे खोटे होते हे कळल्यावर पुढचा एकही पाठवायला हात धजेना.

काल त्याला फोन करून सगळं सांगितलं. पिशव्या कुणी बांधल्या हे सांगितलं नाही. चूक आमचीच आहे, सेन्सर असा झाकला जाऊ शकतो हे आम्हाला सुचायला हवं होतं, हेच म्हटलं. ते खरंही आहे. शेट म्हणाला, "म्हणजे मी दीड महिना पिशवी बघत होतो? मग आताचा आकडा तरी खरा कशावरून?"

काका, यंत्र खरं बोलतंय हे यंत्रालाच कसं विचारणार? मग तुमचं रजिस्टर आठवलं. सत्तावीस जुलैपासून तुम्ही रोज दोनदा काट्यावरचा आकडा लिहिलाय. तो माझ्या आकड्याशी जुळला तर शेट ऐकेल. तो म्हणाला, "हरीभाऊंनी रजिस्टर माझ्यासमोर ठेवू दे. जुळलं तर पुढचं बोलू, नाही जुळलं तर तुमच्या डब्या काढून न्या."

सगळं आता त्या वहीवर आहे. गणपती झाले की त्याला दाखवाल ना? तुमची नोंद जुळली की तुमचीच नोकरी जाणार हे मला कळत नाही असं समजू नका. तरी मागतेय. कसं मागतेय ते माझं मलाच ठाऊक.

अंतरा

दहिवली, ११ सप्टेंबर २०२५

चि. अंतरा,

काल शेटला रजिस्टर दाखवलं. काय झालं ते सांगायच्या आधी दुसरं सांगायचंय. ते वाचून तुला पुढचं वाचावंसं वाटलं नाही तरी चालेल.

मी तुला खोटं लिहिलं. पिशव्या मला सव्वीस जुलैला दिसल्या नाहीत. सात जुलैला दिसल्या.

तुझं "अडुसष्ट, अडुसष्ट"चं पत्र चार तारखेला आलं. माझा काटा तेव्हा चौऱ्याहत्तर दाखवत होता. मला वाटलं, काटा म्हातारा झाला, माझ्यासारखा. म्हणून मिठाची परीक्षा केली. बाटलीच्या झाकणात ओलं मीठ ठेवायचं, काटा आणि ते झाकण एका घट्ट डब्यात बंद करायचं आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. काटा खरा असेल तर पंचाहत्तरवर येतो. आला. म्हणजे खोटं बोलत होतं ते यंत्र. सोमवारी सात तारखेला सोनुबाईला वर चढवलं आणि तिनं मला कौतुकानं तिच्या पिशव्या दाखवल्या. "काडू काय?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "राहू दे."

अंतरा, मी त्या वेळी तुझा विचार केला नाही. मी विचार केला तो ऑक्टोबरचा. यंत्र नापास झालं तर गजाचा टेंपो माझ्यासाठी थांबत राहील, एवढंच डोक्यात आलं. उमा गेली त्यानंतर वर्षभर मी या घरात काय केलं ते तुला माहीत नाही. सकाळी उठून अंथरुणावरच बसायचो आणि अकरा वाजायचे. नोकरी आधीचीच होती, पण त्या वर्षभर कामावर खाडेच केले. शेटनं नोकरी धरून ठेवली आणि एक दिवस गजाला घरी पाठवून मला टेंपोत बसवून नेलं. त्या दिवसापासून मी माणसात आलो. आराम कर म्हणणाऱ्याला वाटतं आपण चांगलंच सांगतोय. मला त्याची भीती वाटते. कुणाशी बोललो नाही, तुझ्याशी तर नाहीच, पण भीती वाटते.

म्हणून एकोणीस दिवस गप्प बसलो. तू आनंदानं लिहिलेल्या पत्राला दाढेचं उत्तर दिलं. माझं रोजचं काम मी चोख केलं, बादल्या ओतल्या, त्यात कसूर नाही. पण पंचवीस तारखेला वीज गेली तेव्हा यंत्र उघडं असतं तर शेटच्या फोनवर आकडा चढलेला दिसला असता, त्यानं कुणाला तरी पाठवलं असतं. अठरा पेट्या पिशव्यांमुळे गेल्या नाहीत. माझ्यामुळे गेल्या. शनिवारी तो वास नाकात शिरला तेव्हा मला माझीच किळस आली.

आता कालचं. शेटनं वही मागितली आणि म्हणाला, "सत्तावीस जुलैचं पान काढा." मी सात जुलैचं काढून दिलं.

त्यात माझ्या अक्षरात लिहिलंय: "सोमवार, सकाळी ८.१०. काटा ७४. चारही यंत्रांवर प्लास्टिकच्या पिशव्या. काढल्या नाहीत." त्याखाली शुक्रवार सोडून रोज, "पिशव्या तशाच." प्रत्येक ओळीला सही.

शेटनं वाचलं. परत वाचलं. मोठ्यानं बोलतो तो माझ्याशी, काल आणखी मोठ्यानं बोलला. "हरीभाऊ, तुम्हाला माहीत होतं?"

"होय."

"मला का नाही सांगितलंत?"

"ऑक्टोबरात तुम्ही मला घरी बसवणार होतात म्हणून."

सोनुबाई दारात उभी होती. ती मधेच पुढे आली. "शेट, पिशव्या मी बांदल्या. बाबांनी नाय. काय बोलायचं ते मला बोला." शेट तिला म्हणाला, "तू थांब गं जरा." मग मला विचारलं, "हे पान फाडलं असतंत तर मला कधी कळलं असतं?"

"नसतं कळलं."

"मग का नाही फाडलंत?"

काय सांगणार? पान फाडता येतं हे माझ्या मनातच आलं नव्हतं. गप्प बसलो, तुला फसवलं, शेटला फसवलं, पण वहीत दिसलं ते लिहिलं. चौतीस वर्षांत हात दुसरं काही शिकलाच नाही.

मग तो तासभर बसून सत्तावीस जुलैपासूनची पानं आणि फोनवरचे आकडे ताडून बघत होता. एका टक्क्याचा फरक दोन ठिकाणी निघाला, बाकी सगळं जुळलं. तुझं यंत्र पास झालं, पोरी. अकरा गोदामं तो आत्ता देणार नाही. तीन देतो म्हणाला, पुढचा पावसाळा बघून बाकीची. सोनुबाई आहे तिथेच आहे. माझ्याबद्दल "बघतो" म्हणाला आणि गाडीत बसून गेला. बघतो म्हणजे काय ते मला कळतं. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

तुझं आणि समीक्षाचं अभिनंदन. मी मनापासून करतोय. तुला आता खरं वाटेल की नाही ते मात्र माहीत नाही. मला परत पत्र लिहावंसं वाटलं नाही तरी मी समजून घेईन.

हरी

बेंगळुरू, १७ सप्टेंबर २०२५

काका,

पत्राखाली नुसतं "हरी" लिहायचं नाही. तुम्ही मला अंगाखांद्यावर खेळवलंत, बाबा गेले तेव्हा रात्रभर माझा हात धरून बसलात. एकोणीस दिवसांनी ते पुसलं जाणार आहे का?

शेटनं मला सात जुलैच्या पानाचा फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं. मी तो इतक्या वेळा वाचला की समीक्षानं शेवटी फोन काढून घेतला. तीन गोदामांचा करार तिनं टाईप करून ठेवला होता. मी त्यात एक अट घातली. आमचे सेन्सर जिथे लागतील तिथे दिवसातून दोनदा काटा बघून हातानं नोंद करणारा माणूस ठेवावा लागेल, आणि कुंभिवलीत तो माणूस हरी मथुरेच असतील. समीक्षा म्हणाली, अंतरा, तीनही जातील. मी म्हटलं, जाऊ देत. मग तीच खाली जाऊन कुरिअर करून आली. शेटचं उत्तर अजून आलेलं नाही. त्यानं नाही म्हटलं तरी अट मागे घेणार नाही. ऑक्टोबरात नोकरी शोधायची तयारी ठेवलीय.

हे मी तुमच्यावर उपकार म्हणून करत नाहीये. तेच सांगायला बसलेय आणि चार पानं फाडून झालीत.

दोन जूनला आपण खोलीत सेन्सर लावत होतो. तुम्ही म्हणालात, पोर लांबून आलीय, चहा सांगून येतो, आणि नाक्यापर्यंत चालत गेलात. तुम्ही बाहेर पडल्यावर शेटनं मला विचारलं, "मॅडम, खरं सांगा, हे लावल्यावर म्हाताऱ्याची गरज राहील का?" तो तोपर्यंत हो-नाहीच्या मधे घुटमळत होता. मला ते काम हवं होतं. मी म्हटलं, "अजिबात नाही." तो लगेच तयार झाला.

शेटच्या मनात ते नव्हतं, काका. मी घातलं. मग तुम्ही तीन कप चहा घेऊन आलात, माझ्यात साखर कमी सांगितली होतीत, आणि मी तो प्यायले. दोन दिवसांनी तुम्हाला पत्र लिहिलं त्यात ते लिहिलं नाही. "आराम करा" म्हणून उपदेश केला. तुम्ही निदान रोज सही करून लिहून ठेवलंत.

सत्तावीस तारखेला, शनिवारी सकाळी दहिवलीला येतेय. मला घरात घ्या.

अंतरा